कामगार न्यायालयाचा निर्णय मालकाने पाळला नाही तर? झाशी छावणीतील कामगारांसाठी माहिती

झाशी छावणीत सफाई, पाणीपुरवठा, बाग, दिवाबत्ती, बांधकाम, कॅन्टीन आणि पहारा अशा कामांवर शेकडो लोक राबतात. त्यांत काही छावनी परिषदेच्या, म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या, पटावर असतात. बरेच जण ठेकेदाराच्या मस्टरवर असतात, तर काहींचे नाव कुठल्याच कागदावर नसते. काम गेले, पगार अडला किंवा वर्षानुवर्षे रोजंदारीवरच ठेवले, की माणूस लेबर ऑफिस गाठतो. तिथून एखादा कागद मिळतो. पुढे काहीच घडत नाही आणि मग एक प्रश्न हमखास विचारला जातो: "कोर्टाने शिफारस केली, पण साहेब ऐकत नाहीत. ती सक्तीने अमलात आणता येते का?"

थोडक्यात उत्तर असे. कामगार न्यायालय शिफारस करत नाही, निवाडा देते. निवाडा मालकावर बंधनकारक असतो आणि तो सक्तीने अमलात आणता येतो. मात्र लेबर ऑफिसमधून मिळणारा प्रत्येक कागद निवाडा नसतो आणि निवाडा आपोआप अमलात येत नाही. त्यासाठी तुम्हाला वेगळा अर्ज करावा लागतो, तोही मुदतीत. बहुतेकांचे नुकसान या दोन गोष्टी माहीत नसल्यामुळे होते.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली असून तिने औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 ची जागा घेतली आहे. मुदती आणि दंड बदलले आहेत. म्हणून जुन्या ओळखीच्या माणसाचा सल्ला ऐकण्याआधी हे वाचा.

आधी हातातला कागद ओळखा

झाशीत कागद हिंदीत किंवा इंग्रजीत मिळतो. त्यावर काय लिहिले आहे यावरून त्याची ताकद ठरते. साधारण पाच प्रकारचे कागद असतात.

पहिला, समेट अधिकाऱ्याचे पत्र किंवा सूचना. हिंदीत याला 'सुलह अधिकारी' म्हणतात. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, समजावतो आणि "कामगाराला परत घ्यावे" असे सुचवूही शकतो. पण तो न्यायाधीश नाही, त्यामुळे त्याच्या सूचनेची सक्ती करता येत नाही. लोक ज्याला 'कोर्टाची शिफारस' म्हणतात, तो बहुतेक वेळा हाच कागद असतो.

दुसरा, समेटात झालेला करार, म्हणजे 'समझौता'. समेट अधिकाऱ्यासमोर मालक आणि कामगार किंवा संघटना यांनी सह्या केलेला करार दोघांनाही बांधतो. तो त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना लागू होतो, पुढे नोकरीला लागणाऱ्यांनाही. त्यातले पैसे थकले तर निवाड्यासारखीच वसुली करता येते. समेटाबाहेर, परस्पर केलेला करार मात्र फक्त सही करणाऱ्यांपुरताच असतो.

तिसरा, समेट निष्फळ ठरल्याचा अहवाल. यात तुमच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच ठरलेले नसते. पण हा कागद फेकू नका, न्यायाधिकरणाचे दार यानेच उघडते.

चौथा, निवाडा. हिंदीत याला 'पंचाट', 'अभिनिर्णय' किंवा नुसते 'अवार्ड' म्हणतात. कामगार न्यायालयाने किंवा औद्योगिक न्यायाधिकरणाने दोन्ही बाजूंचा पुरावा पाहून दिलेला हा निर्णय असतो. याची सक्ती होते.

पाचवा, वसुली दाखला. निवाड्यातील रक्कम वसूल करण्यासाठी सरकार तो जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवते. उत्तर प्रदेशात याला 'आर.सी.' म्हणतात. जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतो.

कागद कोणता ते कळले नाही तर कार्यालयात एवढेच विचारा: "साहेब, हा अवार्ड आहे, समझौता आहे की सुलह फेल झाल्याचा रिपोर्ट आहे?"

छावणीतील वाद कोणाच्या अखत्यारीत?

इथेच अनेकांचे पहिले वर्ष वाया जाते. छावणी झाशी जिल्ह्यात आहे म्हणून कामगार राज्याच्या श्रम विभागात अर्ज देतो. काही महिन्यांनी त्याला कळते की हा विषय केंद्राचा आहे.

1947 च्या कायद्यात 'समुचित सरकार' म्हणजे केंद्र सरकार कोणत्या उद्योगांसाठी असेल याची यादी होती. तीत रेल्वे, बँका, खाणी यांच्यासोबत कॅन्टोन्मेंट बोर्डाचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. नव्या संहितेत केंद्रीय कायद्याने स्थापन झालेली प्राधिकरणे केंद्राकडे ठेवली आहेत. कॅन्टोन्मेंट बोर्ड कॅन्टोन्मेंट अधिनियम, 2006 या केंद्रीय कायद्याखाली चालते. शिवाय अशा आस्थापनांसाठी काम करणाऱ्या ठेकेदारांच्या आस्थापनाही केंद्राच्याच कक्षेत येतात. म्हणजे तुमचा पगार ठेकेदार देत असला, तरी काम छावनी परिषदेचे असेल तर अर्ज केंद्रीय श्रम यंत्रणेकडे करायचा, म्हणजे मुख्य श्रम आयुक्त (केंद्रीय) यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याकडे. तो 'समाधान' पोर्टलवर ऑनलाइनही करता येतो. झाशीतील केंद्राच्या अखत्यारीतील वाद आजवर कानपूरच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणात चालत आले आहेत.

सदर बाजारातील खासगी दुकान, हॉटेल किंवा शाळा यांचा वाद मात्र राज्याकडे जातो, मग ते दुकान छावणीच्या हद्दीत का असेना. मालक कोण यावर हे ठरते, जागा कोणाची यावर नाही.

आणखी तीन गटांनी काळजी घ्यावी.

लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेत किंवा डेपोत नियमित पदावर असलेले नागरी कर्मचारी केंद्र सरकारचे नोकर आहेत. त्यांच्या सेवेचे वाद सर्वसाधारणपणे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'कॅट'मध्ये जातात.

युनिटच्या कॅन्टीनमध्ये काम करणारे सरकारी नोकर आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये म्हटले होते. 2009 मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने ते मत बदलले आणि हे कर्मचारी सरकारी नोकर नाहीत असे ठरवले. त्यामुळे त्यांनी 'कॅट'मध्ये धाव घेऊन वेळ घालवू नये. आपला दावा कुठे बसतो हे आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला विचारावे.

बंगल्यांवर घरकाम करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की नव्या संहितेच्या 'उद्योग' या व्याख्येतून घरकाम वगळले आहे. त्यांना या लेखातील मार्ग मिळत नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकांसाठी एक खुलासा. गावाकडचे नातेवाईक सांगतात, "सरळ युएलपी दाखल कर." ती तक्रार महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली होते. तो कायदा झाशीत लागू नाही. महाराष्ट्रातही तो राज्याच्या अखत्यारीतील उद्योगांपुरताच आहे. पुणे, खडकी, देवळाली किंवा कामठीच्या कॅन्टोन्मेंट बोर्डाचा वादही केंद्रीय यंत्रणेकडेच जातो.

न्यायाधिकरणापर्यंत जाण्याच्या मुदती

जुन्या कायद्यात संघटनेचा वाद न्यायाधिकरणाकडे जाण्यासाठी सरकारने तो 'संदर्भित' करावा लागे. फाइल दिल्लीला जाई आणि कधी कधी तिथेच राही. नव्या संहितेने ही पायरी काढून टाकली. समेट अधिकाऱ्याने साधारणपणे 45 दिवसांत काम संपवायचे आहे. समेट झाला नाही तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत संबंधित पक्ष थेट न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतो.

एक मुदत मात्र कमी झाली आहे. कामावरून काढल्याबद्दल थेट न्यायालयात जाण्यासाठी पूर्वी 3 वर्षे मिळत. आता वाद निर्माण झाल्यापासून 2 वर्षांनंतर समेट अधिकारी प्रकरण हाती घेऊ शकत नाही. "साहेब बघू म्हणाले आहेत, पुढच्या ठेक्यात घेतील" या भरवशावर थांबणाऱ्यांना याचा मोठा फटका बसू शकतो. तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नाही.

जुनी चालू प्रकरणे रद्द झालेली नाहीत. ती नव्या न्यायाधिकरणांकडे वर्ग करण्याची तरतूद संहितेत आहे. नवी न्यायाधिकरणे उभी राहीपर्यंत जुन्या न्यायालयांनी काम चालू ठेवावे, असा आदेश केंद्राने डिसेंबर 2025 मध्ये काढला. तुमची तारीख लागलेली असेल तर हजर राहा.

निवाडा मिळाला. तो लागू कधी होतो?

जुन्या पद्धतीत निवाडा सरकारकडे जाई, राजपत्रात प्रसिद्ध होई आणि प्रसिद्धीपासून 30 दिवसांनी अमलात येई. नव्या संहितेत निवाडा पक्षकारांना कळवल्यापासून 30 दिवस मोजतात. म्हणून निवाड्याची प्रत मिळाली ती तारीख पाकिटासह जपून ठेवा.

या 30 दिवसांत एक अडथळा येऊ शकतो. ज्या वादात सरकार स्वतः पक्षकार आहे, त्यात राष्ट्रीय अर्थव्यवस्था किंवा सामाजिक न्यायाच्या कारणाने निवाडा पूर्ण किंवा अंशतः लागू होऊ नये, असे सरकार अधिसूचनेने जाहीर करू शकते. ही अपवादात्मक तरतूद आहे. अधिकारी नुसते तोंडी "वरून मंजुरी आलेली नाही" म्हणत असेल, तर ती अधिसूचना नव्हे. त्याला लेखी उत्तर मागा.

मुदत संपली की मालकाला दोनच रस्ते राहतात, निवाडा पाळणे किंवा उच्च न्यायालयातून स्थगिती आणणे. निवाडा चुकीचा वाटतो म्हणून तो बाजूला ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही.

वसुलीचे तीन रस्ते

निवाड्यात तीन गोष्टी असू शकतात: कामावर परत घेणे, सेवासातत्य आणि मागील पगार. पैसे मिळवण्याचा रस्ता वेगळा आहे आणि कामावर परत जाण्याचा वेगळा.

*रक्कम ठरलेली असेल तर.* निवाड्यात किंवा करारात आकडा लिहिलेला असेल, तर समुचित सरकारकडे वसुलीचा अर्ज करा. छावणीच्या बाबतीत हा अर्ज केंद्रीय श्रम यंत्रणेकडे जातो. खात्री पटल्यावर सरकार जिल्हाधिकाऱ्याला वसुली दाखला पाठवते. हा अर्ज पैसे देय झाल्यापासून 1 वर्षाच्या आत करायचा असतो. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. कामगाराचा मृत्यू झाला असेल तर त्याचे वारस अर्ज करू शकतात.

*रक्कम ठरलेली नसेल तर.* समजा, एका सफाई कामगार बाईंना निवाड्याने कामावर परत घ्यायला सांगितले आणि 50 टक्के मागील पगार दिला, पण आकडा लिहिला नाही. त्यांचा शेवटचा पगार महिना 12,000 रुपये होता आणि त्या 36 महिने कामाबाहेर होत्या. 12,000 ची निम्मी रक्कम 6,000, गुणिले 36, म्हणजे 2,16,000 रुपये. हा हिशेब मालकाने मान्य केला नाही, तर न्यायाधिकरणाकडे रक्कम निश्चित करण्याचा अर्ज करावा लागतो. त्यानंतर ती रक्कम वरच्या पद्धतीनेच वसूल होते.

या अर्जाला एक मर्यादा आहे. त्यात फक्त हिशेब होतो, नवा हक्क ठरत नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारी कामगारांनी याच मार्गाने कायम कामगारांइतका पगार मागितला, तेव्हा 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्कच वादात असेल तर तो आधी स्वतंत्र वादात ठरवून घ्यावा लागेल. तुमच्या निवाड्यात 'समान वेतन' नसेल, तर वसुलीच्या अर्जात ते घुसवू नका. त्याने सगळा अर्जच लांबतो.

*दरखास्त.* 2010 च्या दुरुस्तीनंतर कामगार न्यायालयाचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. कोर्टाच्या भाषेत ही 'दरखास्त'. मालमत्तेवर किंवा बँक खात्यावर जप्ती आणण्याचे दिवाणी मार्ग यात खुले होतात. ठेकेदार गाशा गुंडाळून जाण्याची शक्यता असेल, तर छावनी परिषदेकडे त्याचे बिल किंवा अनामत बाकी आहे का याची माहिती मिळवा. जप्तीसाठी ती उपयोगी पडू शकते.

यासोबत दंडाची बाजू आहे. जुन्या कायद्यात निवाडा मोडल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होते. नव्या संहितेत किमान 20,000 ते कमाल 2 लाख रुपये दंड, 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. पण हा खटला तुम्ही स्वतः दाखल करू शकत नाही. तो सरकारच्या वतीने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीनेच दाखल करायचा असतो. शिवाय दंडाची रक्कम आपोआप तुमच्या खात्यात येत नाही. म्हणून दंडाची मागणी जरूर करा, पण वसुलीचा अर्ज तिच्यासाठी अडवून ठेवू नका.

मालक उच्च न्यायालयात गेला तर

झाशीच्या प्रकरणात मालक अलाहाबाद उच्च न्यायालयात जातो. नुसती याचिका दाखल झाल्याने निवाडा थांबत नाही. स्थगितीचा आदेश लागतो. "मॅटर हायकोर्टात आहे" असे कोणी म्हटले तर स्थगिती आदेशाची प्रत मागा.

स्थगिती असली तरी एक महत्त्वाचा हक्क उरतो. निवाड्याने कामावर परत घेण्यास सांगितले असेल आणि मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला असेल, तर प्रकरण संपेपर्यंत शेवटच्या पगाराच्या दराने पूर्ण पगार मिळण्याची तरतूद आहे. जुन्या कायद्यात ती कलम 17-ब मध्ये होती, आता ती संहितेच्या कलम 56 मध्ये आहे. अट एवढीच की तुम्ही दुसरीकडे नोकरीत नसावे आणि तसे प्रतिज्ञापत्र न्यायालयात द्यावे. प्रतिज्ञापत्र दिले नाही तर हा पगार मिळत नाही. खोटे दिले तर प्रकरण उलटते.

या तरतुदीचे मोल किती, हे शेजारच्या एका प्रकरणावरून कळते. गाझियाबाद नगर निगममध्ये 1998 पासून माळीकाम करणाऱ्या कामगारांना 2005 मध्ये लेखी आदेशाविना काढून टाकले. 2011 मध्ये कामगार न्यायालयाने वेगवेगळे निवाडे दिले. काहींना कामावर परत घ्यायला सांगितले, काहींना नकार दिला. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना रोजंदारीवर घेण्यापुरता दिलासा दिला. अखेर 31 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा, 50 टक्के मागील पगार देण्याचा आणि नियमित करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला.

हे प्रकरण राज्याच्या कायद्याखालचे होते, छावणीचे नव्हे. पण धडा दोन्हीकडे लागू आहे. स्थानिक संस्था दीर्घकाळ काम करून घेते आणि मग "तुम्ही आमचे नाहीच" म्हणते, हा बचाव दर वेळी टिकत नाही. आणि कामावरून काढल्यापासून अंतिम निकालापर्यंत जवळजवळ 20 वर्षे गेली, हेही तितकेच खरे. तेवढा काळ घर कसे चालवायचे याचे उत्तर निकालात नसते. म्हणून दरम्यानच्या पगाराचा अर्ज पहिल्याच तारखेला करायचा.

ठेकेदार बदलला, छावणीची हद्द बदलली तर

ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य मालकाची, इथे छावनी परिषदेची, जबाबदारी संपत नाही. ठेकेदाराने दिला नाही तर मुख्य मालकाने तो द्यावा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावा, ही तरतूद जुन्या ठेका कामगार कायद्यात होती आणि नव्या व्यवस्थेतही आहे. म्हणून वाद उभा करतानाच ठेकेदार आणि छावनी परिषद या दोघांनाही पक्षकार करा. फक्त ठेकेदाराविरुद्धचा निवाडा छावनी परिषदेवर वापरताना अडचण येते.

ठेका संपला म्हणून तुम्ही आपोआप छावनी परिषदेचे कायम नोकर होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच स्पष्ट केले आहे. ठेका नावापुरता होता, खरे काम आणि देखरेख परिषदेचीच होती, हे न्यायाधिकरणासमोर पुराव्याने दाखवावे लागते. हजेरी कोण घेत होते, रजा कोण मंजूर करत होते, गेटपास कोणी दिला, अशा गोष्टींचे कागद इथे कामी येतात.

केंद्र सरकारने काही छावण्यांमधील नागरी भाग लगतच्या पालिकांना जोडण्याची प्रक्रिया सुरू केली आहे. हिमाचल प्रदेशातील योल छावणी 2023 मध्ये अशीच संपुष्टात आली. उद्या तुमच्या भागात असे घडले आणि कार्यालयाने "ती संस्थाच राहिली नाही" असे सांगितले तर घाबरू नका. निवाडा आणि समेटातील करार मालकाच्या उत्तराधिकाऱ्यांनाही बांधतात. मात्र अर्जात नव्या संस्थेचे नाव घालून घ्यावे लागेल.

सगळेच पैसे या मार्गाने मागू नका

भविष्यनिर्वाह निधी कापला पण भरला नाही, तर तक्रार ईपीएफओकडे करा. त्यांच्याकडे स्वतःची वसुली यंत्रणा आहे. ग्रॅच्युइटीसाठी वेगळे प्राधिकारी असतात आणि त्यांच्या आदेशाची वसुलीही जिल्हाधिकाऱ्यामार्फत होते. किमान वेतनाच्या किंवा थकलेल्या पगाराच्या साध्या दाव्यासाठी वेतन कायद्याखालील प्राधिकारी असतो. हे दावे कामावरून काढल्याच्या वादापेक्षा लवकर निकाली निघू शकतात. त्यामुळे सगळे एका अर्जात कोंबण्यापेक्षा वेगवेगळे करणे बहुधा फायद्याचे ठरते. ई-श्रम कार्ड ही नोंदणी आहे. ते कामगार असल्याची ओळख देते, पण अमुक मालकाकडे काम केल्याचा पुरावा म्हणून पुरेसे नसते.

मोफत वकील

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींतील व्यक्तींनाही तो आहे. झाशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. कानपूर झाशीपासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे. तिथल्या तारखांसाठी वकील मिळेल का, हेही त्याच वेळी विचारा.

लोक अदालतीत तडजोड सुचवली गेली तर रक्कम, तारीख आणि बँक खाते लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. लोक अदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नसते. त्यामुळे तो लवकर अमलात येतो, आणि कमी रकमेवर सही केली तर ती परत फिरवताही येत नाही.

आता काय करायचे

1. हातातला कागद अवार्ड, समझौता की अहवाल, हे आजच ठरवून घ्या.
2. समेट फसला असेल तर अहवाल मिळाल्याच्या तारखेपासून 90 दिवस मोजा.
3. निवाडा असेल तर प्रत मिळाल्याची तारीख लिहा. लगेच मालकाला लेखी पत्र द्या: "निवाड्याप्रमाणे मी कामावर हजर होण्यास तयार आहे." पत्र स्पीड पोस्टाने पाठवा किंवा आवक शिक्का घ्या. नंतर "तो आलाच नाही" असे म्हणायला जागा राहत नाही.
4. 30 दिवस उलटले आणि काही झाले नाही, तर वसुलीचा अर्ज किंवा दरखास्त करा. 1 वर्षाची मुदत विसरू नका.
5. मालक उच्च न्यायालयात गेला तर स्थगितीची प्रत मागा आणि दरम्यानच्या पगारासाठी प्रतिज्ञापत्र द्या.
6. हजेरी कार्ड, गेटपास, बँकेच्या नोंदी, पगाराच्या पावत्या आणि सोबत काम करणाऱ्यांची नावे एका फाइलमध्ये ठेवा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, फक्त प्रती द्या.

अर्ज करण्याआधी सध्या कोणता नमुना चालतो, हे केंद्रीय श्रम कार्यालयात किंवा विधी सेवा प्राधिकरणात विचारून घ्या. संहिता नवी असल्याने जुना छापील फॉर्म परत येऊ शकतो, आणि तुमची मुदत मात्र चालूच राहते.